विश्लेषण : पेटंटमधला एक शब्द किती ताणायचा?

पेटंटमध्ये शोधाचे वर्णन पानेच्या पाने असते. पण हक्काची सीमा ठरते ती ‘क्लेम’वरून, म्हणजे दाव्यांवरून. दाव्यातला शब्द व्यापक असेल तर काय? अमेरिकेतील ‘फिलिप्स विरुद्ध एडब्ल्यूएच’ खटल्याचा २००५ मधील निकाल याबाबत आजही दिशादर्शक मानला जातो.

वाद काय होता?

पेटंट होते तुरुंगासारख्या इमारतींसाठी जोडून उभारायच्या पोलादी भिंतींचे. कवचातून आत येणाऱ्या पोलादी ‘बॅफल’मुळे भिंतीची भार पेलण्याची क्षमता वाढते, असा दावा होता. टँकरमध्ये द्रव हिंदकळू नये म्हणून लावतात त्या पत्र्यांनाही बॅफलच म्हणतात. वर्णनात तिरके बॅफल गोळी परतवतात, असेही लिहिले होते. प्रतिवादीचे बॅफल मात्र काटकोनात होते. त्यामुळे उल्लंघन नाही, असे आधी कनिष्ठ न्यायालयाने आणि २००४ मध्ये अपिलातील पीठानेही ठरवले.

निकाल का फिरला?

फेडरल सर्किटच्या पूर्ण पीठाने हा अर्थ नाकारला. गोळी परतवणारा कोन दुसऱ्या एका दाव्यात स्वतंत्रपणे नमूद होता. तोच ‘बॅफल’ या शब्दात गृहीत धरला, तर तो दावा निरर्थक ठरतो. शिवाय भिंतीला आधार देण्यासारखी बॅफलची इतर कामेही वर्णनात होती. शब्दाचा अर्थ शब्दकोशापेक्षा पेटंटच्या वर्णनातून घ्यावा. मात्र वर्णनातील मर्यादा दाव्यावर लादू नये, असे न्यायालयाने म्हटले. हेच योग्य होते. एका उदाहरणावरून संशोधकाचा हक्क कापणे अन्यायाचे ठरले असते.

आपल्याकडे काय?

पुण्याच्या बजाज ऑटोच्या दाव्यात दोन स्पार्क प्लगबरोबरच प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, असा उल्लेख होता. आपल्या इंजिनात तीन व्हॉल्व्ह आहेत, असा टीव्हीएसचा बचाव होता. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी २००८ मध्ये बजाजच्या बाजूने दिलेला मनाई हुकूम खंडपीठाने २००९ मध्ये उठवला.

धडा कोणता?

अनावश्यक आकडा दाव्यात आला की तो प्रतिस्पर्ध्याच्या हाती पळवाट देतो. अतिव्यापक शब्द जुन्या तंत्रालाही कवेत घेतो आणि पेटंटच रद्द होऊ शकते. म्हणून पहिला दावा व्यापक, पुढचे क्रमाने नेमके आणि प्रत्येक भागाची सगळी कामे वर्णनात, हीच रीत शहाणपणाची. भोसरी-चाकणमधील लघुउद्योजकाने मसुद्यावर सही करण्यापूर्वी निदान एवढे तपासावे. यंत्र दुरुस्त करता येते. मंजूर दाव्याची व्याप्ती नंतर वाढवता येत नाही.