न दिसणारी कावीळ

कोकणात कावीळ कोणाला अपरिचित नाही. डोळे पिवळे पडले की पथ्य सुरू होते, गावातील जाणत्याकडून पाल्याचा रस आणला जातो, आणि दूषित पाण्यातून आलेली कावीळ बहुधा आपल्या गतीनेच ओसरत असल्यामुळे त्या रसावरील विश्वास पिढ्यान्‌पिढ्या दृढ होत गेला आहे. परंतु ज्या हिपॅटायटिस-सीविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे, तो बहुधा डोळ्यांत उतरतच नाही. रक्तावाटे शिरलेला त्याचा विषाणू शंभरांतील ५५ ते ८५ जणांच्या यकृतात कायमचे ठाणे देतो, आणि आज मैदानावर खेळणारा, वरकरणी निरोगी दिसणारा मुलगा वीस-पंचवीस वर्षांनी, ऐन कर्तेपणाच्या वयात, यकृत आक्रसल्याचे निदान ऐकण्याचा संभव असतो.

अशा मुलाला पूर्वी ‘मोठा होऊ द्या, मग पाहू’ असे सांगितले जाई, आणि त्या काळी ते अनुचितही नव्हते. तेव्हाच्या उपचारात इंटरफेरॉनची टोचणी सहा महिने ते वर्षभर सोसावी लागे. ताप, औदासीन्य व खुंटलेली वाढ हे तिचे सहचर होते, आणि सोबतचे रिबाव्हिरिन तांबड्या पेशींचाच नाश करीत असल्याने थॅलेसेमियाच्या मुलांना आधीच परक्याच्या रक्तावर जगताना आणखी रक्त घ्यावे लागे. ती परिस्थिती आता आमूलाग्र पालटली आहे. २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सोफोसबुव्हिर या गोळीच्या एका उपचारक्रमास तेथे ८४ हजार डॉलर पडत; पुढल्याच वर्षी भारतीय कारखान्यांना परवाने मिळाले व किंमत कोसळली. २०१७ साली अमेरिकेत बारा वर्षांवरील मुलांसाठी ते मान्य झाले, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन वर्षांच्या बालकापासून पुढे सर्वांना अशी औषधे देण्याची शिफारस केली. सव्वीस किलोंवरील मुलाला प्रौढांच्याच मात्रेने सोफोसबुव्हिर व डॅक्लाटासव्हिर रोज, सर्वसाधारणपणे बारा आठवडे, द्यावयाचे, एवढाच तो उपचार असून शंभरांतील पंच्याण्णवांहून अधिक रुग्ण त्याने विषाणुमुक्त होतात. २८ जुलै २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात ही औषधे विनामूल्य आहेत.

मग उणीव कशाची? शोधाची, आणि दफ्तराची. २०२२ साली नागपुरास थॅलेसेमियासाठी रक्त घेणाऱ्या चार बालकांत एचआयव्हीची बाधा आढळली व त्यांतील एक दगावले, तेव्हा महाराष्ट्र हादरला. परंतु त्याच रक्तमार्गाने येणारा हा दुसरा विषाणू गाजावाजा करीत नाही म्हणून त्याची चौकशी होत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वारंवार रक्त घेणारी, डायलिसिसवर असलेली, अथवा बाधित मातेच्या पोटी जन्मलेली बारा ते अठरा वयाची जी मुले असतील, त्यांची नोंदवही जिल्हा शल्यचिकित्सकांनी विनाविलंब तयार करवावी, आणि केवळ प्रतिपिंडांच्या चाचणीवर, जी विषाणू गेल्यावरही होकारार्थीच राहते, न थांबता विषाणूचीच तपासणी करवावी. ही नोंद कटाक्षाने गोपनीय राहावी. मुलीच्या लग्नाच्या धास्तीने आईबाप अहवाल दडवतात, हे आम्ही जाणतो. वस्तुतः मुलींच्या बाबतीत तर हा उपचार अधिकच निकडीचा आहे, कारण गरोदरपणी ही औषधे सहसा देत नाहीत, आणि मातेकडून बाळाला बाधा होण्याचा संभव शंभरांत पाच-सहा इतका असतो. लग्नापूर्वीच ती मुक्त झाली, तर पुढल्या पिढीची चिंताही मिटते.

मंडणगडच्या वा राजापूरच्या बापाने गोळ्यांसाठी दर महिन्यास रोजगार बुडवून मुंबई-कोल्हापूर गाठावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. २०२३ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील तज्ज्ञांनी उपचार ठरवावा व पुढील गोळ्या तालुक्याच्या रुग्णालयातून मिळाव्यात, अशी तजवीज करण्यास नवा कायदा लागत नाही. मात्र शेवटची गोळी संपल्यावर बारा आठवड्यांनी जी निर्णायक तपासणी करावयाची असते, तिच्याकडे पालक बहुधा पाठ फिरवतात, कारण मूल ठणठणीत दिसत असते. ती होईपर्यंत एकाही मुलाचे नाव त्या नोंदवहीतून कमी करू नये.