शिरपूर ते शिर्माकर

ऑफिसातला एसी 24 वर ठेवायचा की 18 वर, यावरून तुमच्याकडेही भांडणं होत असतील. मी कायम 18 वाल्यांच्या पार्टीत. कारण सिंपल आहे, मी शिरपूरचा. मे महिन्यातले 44 अंश सोसलेल्या माणसाला थंडीचं अप्रूप जरा जास्तच. पण थंडीचे खरे फॅन वेगळेच आहेत, आणि ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत.

अंटार्क्टिकात शिर्माकर नावाचा खडकाळ पट्टा आहे. आपलं 'मैत्री' केंद्र 1989 पासून तिथेच. तिथल्या मातीतून 1992 साली एक नवी जिवाणू प्रजाती जगापुढे आली, स्फिंगोबॅक्टेरियम अंटार्क्टिकस. ओळख पटवली डॉ. एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी. (नाव वाचून कॉलर ताठ झाली असेल, पण साहेब हैदराबादच्या सीसीएमबीचे!) 2003 मध्ये त्याच परिसरातल्या आणखी एका जिवाणूला चक्क केंद्राचंच नाव मिळालं, प्लॅनोकॉकस मैत्रीएन्सिस.

हे जीव थिजत कसे नाहीत? घरातच बघा. डिसेंबरात खोबरेल घट्ट होतं, शेंगदाण्याचं तेल पातळच राहतं. फरक त्यातल्या स्निग्धाम्लांचा. या जिवाणूंच्या पेशीचं आवरणही असंच थंडीत पातळ राहणारं असतं.

गंमत म्हणजे लॅबमधला इनक्युबेटर सवयीने लावला जातो 37 अंशांवर, आपल्या शरीराच्या तापमानाला. अस्सल थंडीवाले 20 च्या वर वाढतच नाहीत. म्हणजे आपल्या सोयीचं तापमान लावलं, की ते 'नाहीत' असंच वाटणार! त्यांना गारव्यात ठेवून थांबावं लागतं, कधी कधी कित्येक आठवडे. मग 16एस नावाचा जीन वाचायचा. ओळखीच्या प्रजातींशी साम्य साधारण 98.7 टक्क्यांच्या खाली असेल, तर नवं कोणीतरी भेटलंय. तरी पुढे अख्खा जीनोम ताडून बघायचा, शिवाय जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या जिवाणू-बँकांत जमा करायचा. अशी एक बँक आपल्या पुण्यातही आहे, एनसीसीएसकडे. एवढं झाल्यावर कुठे बारसं.

माझा मावसभाऊ शिरपूरलाच बीएस्सी मायक्रो करतोय. हे सगळं ऐकून त्याने अहिराणीत रोकडा सवाल टाकला, "भाऊ, पण यानं काम काय शे?"

काम आहे. थंड पाण्यात डाग काढणाऱ्या डिटर्जंटमध्ये थंडीतही काम करणारी एन्झाइम्स लागतात, ती अशाच जिवांकडून मिळू शकतात. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच. मैत्रीएन्सिसचा एक भाऊबंद, प्लॅनोकॉकस हॅलोक्रायोफिलस, कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या कायम गोठलेल्या जमिनीत सापडला. पठ्ठ्या उणे 15 अंशांतही वाढतो! उत्तरेकडच्या अशा जमिनीत आज हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट कार्बन अडकलाय. ती वितळू लागली, की तिथले जिवाणू हजारो वर्षांचा पालापाचोळा खायला घेतात, आणि कार्बन डायऑक्साइड, मिथेन हवेत सुटतात. कोण किती खाणार, कुठला वायू सोडणार, हे ज्याच्या त्याच्या जातीवर ठरतं.

म्हणजे आमच्या शिरपूरचा मे आणखी किती तापणार, याचाही थोडा हिशोब त्या मातीत आहे. तो मांडायचा, तर तिथे राहतंय कोण, हे आधी कळायला हवं.

मावसभाऊ सध्या एमएस्सीचे फॉर्म बघतोय.