सौर पॅनल निवडताना आधी छत पाहावे, मग छापील आकडे

जालना जिल्ह्याला सौर पॅनल नवे नाहीत. सौर कृषिपंप बसवण्यात हा जिल्हा राज्यातील आघाडीच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. त्यामुळे जाफ्राबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावातल्या शेतकऱ्याला विहिरीवरच्या ‘प्लेटा’ कशा असतात, हे सांगावे लागत नाही. आता त्याच प्लेटा शिवारातून घराच्या छतावर येऊ लागल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ७५,०२१ कोटी रुपयांच्या ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने’ला मंजुरी दिली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर वीज हे तिचे उद्दिष्ट. तेव्हापासून विक्रेत्यांचे प्रतिनिधी गावोगाव फिरत आहेत. कोणी मोनो पर्क सांगतो, कोणी टॉपकॉन, कोणी दोन्ही बाजूंनी वीज देणारे बायफेशियल. प्रत्येकाच्या माहितीपत्रकात कार्यक्षमतेचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. पण टेंभुर्णीच्या उन्हात, वाऱ्यात आणि तिथल्या वीजपुरवठ्यात हा आकडा किती उपयोगाचा, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

कार्यक्षमता म्हणजे जास्त वीज नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. २२ टक्के कार्यक्षमतेचे पॅनल १७ टक्क्यांच्या पॅनलपेक्षा जास्त वीज देणार, असे ग्राहकाला वाटते. एका चौरस मीटरमागे ते खरेही आहे. पण ग्राहक चौरस मीटर विकत घेत नाही, किलोवॉट विकत घेतो. एक किलोवॉटचा जुना पॉलिक्रिस्टलाइन संच आणि एक किलोवॉटचा नवा टॉपकॉन संच यांची छापील क्षमता सारखीच असते. फरक पडतो तो जागेत. तीन किलोवॉटसाठी ३३५ वॉटची नऊ पॉलिक्रिस्टलाइन पॅनल लागतात आणि ती साधारण १९० चौरस फूट जागा घेतात. ५४० वॉटची मोनो पर्क पॅनल सहा लागतात, ती १७० चौरस फुटांच्या आत मावतात, आणि त्यातून क्षमताही थोडी जास्त मिळते.

शहरातल्या फ्लॅटच्या वाट्याला आलेल्या तुकडाभर गच्चीवर ही बचत मोलाची असते. गावात पाचशे-सातशे चौरस फुटांचा स्लॅब मोकळा असेल, तर केवळ कार्यक्षमतेसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण उरत नाही. अर्थात पॉलिक्रिस्टलाइन पॅनल आता बाजारातून जवळजवळ हद्दपार झाली आहेत. खरी निवड मोनो पर्क आणि टॉपकॉन यांच्यातच उरते.

मे महिन्याचा हिशेब

पॅनलची छापील क्षमता प्रयोगशाळेत मोजतात. प्रति चौरस मीटर १,००० वॉट प्रकाश आणि पॅनलच्या आतील सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस, अशी त्या चाचणीची अट असते. मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी हवाच ४१-४२ अंशांवर असते आणि पॅनल ६५ अंशांपर्यंत सहज तापते. सिलिकॉन तापले की त्याचा व्होल्टेज घसरतो आणि वीज कमी होते. ही घट किती, ते माहितीपत्रकातील ‘तापमान गुणांक’ सांगतो. तो कार्यक्षमतेइतक्या मोठ्या अक्षरांत छापलेला नसतो, पण या भागासाठी तोच जास्त महत्त्वाचा आहे.

पॉलिक्रिस्टलाइनमध्ये प्रत्येक अंशामागे साधारण ०.४० टक्के घट होते, मोनो पर्कमध्ये ०.३५, टॉपकॉनमध्ये ०.३० आणि एचजेटी या महागड्या प्रकारात ०.२५ टक्क्यांच्या आसपास. २५ वरून ६५, म्हणजे ४० अंशांची वाढ धरली, तर १,००० वॉटचा पॉलिक्रिस्टलाइन संच ८४० वॉटवर येतो, मोनो पर्क ८६० वर, टॉपकॉन ८८० वर आणि एचजेटी ९०० वर. म्हणजे ऐन मे महिन्यात मोनो पर्क आणि टॉपकॉन यांच्यातला फरक एका एलईडी ट्यूबलाइटएवढा. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात तो आणखी कमी होतो. एक किलोवॉटचा संच महाराष्ट्रात दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे १,४०० युनिट वीज देतो. त्यात या फरकाचा वाटा वीस-पंचवीस युनिटांपलीकडे जात नाही.

आता हीच पॅनल पत्र्यावर अगदी चिकटवून बसवली तर काय होते, ते पाहू. खालून वारा फिरत नसल्याने पॅनल आणखी दहा अंशांनी तापू शकते. मोनो पर्कसाठी ही साडेतीन टक्क्यांची घट झाली. टॉपकॉन घेऊन जे मिळवायचे, त्यापेक्षा जास्त नुकसान एका चुकीच्या बसवणुकीने होते.

पंचवीस वर्षांच्या हिशेबात मात्र टॉपकॉनची बाजू थोडी वरचढ ठरते. मोनो पर्कच्या हमीपत्रात बहुधा पहिल्या वर्षी दोन टक्के आणि नंतर दरवर्षी ०.५५ टक्के घट धरलेली असते. २५ वर्षांनी सुमारे ८५ टक्के क्षमता उरते. टॉपकॉनमध्ये पहिल्या वर्षी एक टक्का आणि नंतर ०.४ टक्के, म्हणजे सुमारे ८९ टक्के. पण ही हमी वीजनिर्मितीची झाली. काच फुटली, चौकट सुटली, मागचा थर सोलला तर लागू होणारी वस्तूची हमी वेगळी असते आणि ती अनेकदा १०-१२ वर्षांचीच असते. ‘पंचवीस वर्षांची गॅरंटी’ असे कोणी म्हटले, तर ती कशाची, हे कागदावर पाहून घ्यावे.

गारपीट आणि दुहेरी काच

टेंभुर्णी परिसरात पॅनलला उन्हाइतकीच भीती गारांची आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये जालना आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात झालेली गारपीट अनेकांच्या लक्षात असेल. रब्बीच्या शेवटी अवकाळी पावसाबरोबर गारा पडणे इथे अपवादात्मक नाही.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार पॅनलवर २५ मिलिमीटर व्यासाच्या बर्फाच्या गोळ्यांचा मारा केला जातो. वेग सेकंदाला २३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटर. ही परीक्षा बहुतेक पॅनल पास होतात. पण ५० मिलिमीटरची गार वजनाने आठपट असते आणि जास्त वेगाने खाली येते. तिच्यासाठी ही किमान चाचणी पुरेशी नाही.

बायफेशियल पॅनलचा विचार इथे करायला हवा. त्यांत पुढे-मागे काच असते. एकाच काचेच्या पॅनलमध्ये ती साधारण ३.२ मिलिमीटरची आणि पूर्ण टफन केलेली असते, तर दुहेरी काचेत वजन आटोक्यात ठेवण्यासाठी दोन्ही काचा बहुधा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात. इतकी पातळ काच पूर्ण टफन करणे अवघड असते, त्यामुळे मोठ्या गारांपुढे ती तुलनेने नाजूक ठरते. दुहेरी काच दमटपणा चांगला रोखते, हे खरे. पण तो फायदा कोकणात जास्त, जालन्यात कमी. शिवाय मागच्या बाजूने वीज मिळायची, तर पॅनल उंच हवे आणि खालचा पृष्ठभाग पांढरा हवा. पत्र्यालगत बसवलेल्या बायफेशियलची मागची बाजू अंधारातच राहते. छताला पांढरा रंग देऊन सहा-सात फूट उंच सांगाडा उभारायचा असेल, तरच त्या जादा पैशांना अर्थ आहे.

पण उंच सांगाडा म्हणजे वाऱ्याला जास्त वाव. छत्रपती संभाजीनगरसाठी भारतीय मानकात धरलेला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर आहे. जालन्यातला सांगाडाही याच हिशेबाने, जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा असावा. जुन्या माळवदावर किंवा सिमेंटच्या पत्र्यांवर हा भार टाकणे धोक्याचे आहे. एकेका पॅनलचे वजन २८ ते ३३ किलो भरते. अशा घरांनी अंगणात किंवा गोठ्यालगत स्वतंत्र खांबांवर संच उभारण्याचा पर्याय तपासावा.

सावली, धूळ आणि खारे पाणी

टेंभुर्णी साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून जवळपास तितक्याच अंशांत कलते ठेवावे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, तेव्हा टाकीची सावली टाकीखालीच राहते. डिसेंबरमध्ये मात्र तो दुपारीही ४७ अंशांच्या वर जात नाही. मग एक मीटर उंच टाकीची सावली भर दुपारी जवळपास एक मीटर आणि सकाळ-संध्याकाळी त्याच्या कितीतरी पट लांब पडते. पॅनलमधील सेल एकामागे एक जोडलेले असल्याने एका कोपऱ्यावरची सावली पॅनलचा तिसरा हिस्सा किंवा अधिक भाग बंद पाडू शकते. म्हणून उन्हाळ्यात जागा ठरवताना हिवाळ्यातली सावली डोळ्यांपुढे आणावी. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, दारातला लिंब, शेजाऱ्याचा होऊ घातलेला मजला हे सगळे या हिशेबात येते.

धुळीचेही तसेच. रस्त्याची धूळ, मळणीचा भुसा पॅनलवर थर धरतो आणि उन्हाळ्यात पाऊस नसल्याने तो आपोआप धुऊन निघत नाही. टंचाईच्या दिवसांत पॅनल धुवायला पाणी कुठून आणायचे, हा या जिल्ह्यात खरा प्रश्न आहे. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले तर काचेवर पांढरे डाग बसतात. पाण्याआधी मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडावी, मग थोड्या गोड्या पाण्याने पुसावे, आणि हे काम सकाळी लवकर करावे. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये.

लाइट गेली की सौरही बंद

अनेक ग्राहकांना हे संच बसल्यावर कळते. अनुदानातून बसणारे बहुतेक संच ‘ऑन-ग्रिड’ असतात. वीजवाहिनीत पुरवठा नसेल तर त्यांचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. तसे केले नाही, तर छतावरची वीज वाहिनीत शिरून दुरुस्ती करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. नियम योग्यच आहे, पण त्याचा अर्थ असा की भारनियमनात पंखा फिरणार नाही. शिवाय दुपारी एक तास पुरवठा खंडित झाला, तर त्या दिवसाच्या निर्मितीचा सहावा भाग बुडतो. वाहिनीच्या टोकाला व्होल्टेज फार चढ-उतार करत असेल, तरी इन्व्हर्टर वारंवार बंद पडतो. पॅनलच्या प्रकारातला दोन टक्क्यांचा फरक यापुढे किरकोळ ठरतो.

बॅटरीसह ‘हायब्रिड’ संच हा त्यावर उपाय आहे. मात्र बॅटरीसाठी वेगळे अनुदान नाही. दिवसा तासन्‌तास पुरवठा जात असेल, तर महागड्या पॅनलपेक्षा हायब्रिड इन्व्हर्टर आणि लहान बॅटरी यांवर खर्च करणे शहाणपणाचे.

किती किलोवॉट?

केंद्राचे अनुदान एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिकला ७८,००० रुपये आहे. तिसऱ्या किलोवॉटला फक्त १८,००० मिळतात, हे यातून दिसते. महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या घरांसाठी राज्याच्या ‘स्मार्ट’ योजनेत एका किलोवॉटला आणखी मदत आहे: सर्वसाधारण ग्राहकाला १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींतील ग्राहकाला १५,००० आणि दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला १७,५०० रुपये. पन्नास हजारांच्या संचात दारिद्र्यरेषेखालील घराचा वाटा अडीच हजारांवर येतो.

महावितरणचा दर पहिल्या १०० युनिटांनंतर जवळपास दुपटीने वाढतो. त्यामुळे सौर विजेचे पहिले युनिट सर्वांत महागडे युनिट वाचवते. महिन्याला २५० युनिट वापरणाऱ्या घरात पहिला किलोवॉट १२० महागडी युनिटे कमी करतो. दुसरा किलोवॉट तीस महागडी आणि नव्वद स्वस्त युनिटे वाचवतो. तिसऱ्याची वीज बहुतांश शिल्लक राहते आणि वर्षअखेर तिला मिळणारा दर अल्प असतो. स्थिर आकार तर भरावाच लागतो. म्हणून ‘अनुदान आहे तर मोठाच संच घ्या’ हा सल्ला ग्राहकापेक्षा विक्रेत्याच्या फायद्याचा आहे. मागच्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवूनच आकार ठरवावा.

अनुदानासाठी सेल आणि पॅनल दोन्ही देशी असावे लागतात. ही ‘डीसीआर’ पॅनल थोडी महाग असतात. त्यामुळे दरपत्रकात तसा उल्लेख आणि पॅनलवरचा अनुक्रमांक, दोन्ही तपासावेत. विक्रेत्याने पाच वर्षे देखभाल करणे योजनेत अपेक्षित आहे. तो जालन्यातून किंवा जाफ्राबादहून दोन दिवसांत येऊ शकतो का, हे विचारावे. अर्थिंगचा खड्डाही पाहावा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते, आणि पहिल्या वळवाच्या विजा त्याच सुमारास कडाडतात.

दोन दरपत्रके समोर असतील, तर एकूण किंमत वर्षाला मिळणाऱ्या युनिटांनी भागून पाहावी. टॉपकॉनसाठी दोन-तीन टक्के जास्त मोजावे लागत असतील तर ते घ्यावे. दहा टक्के मागितले तर चांगले मोनो पर्क घेऊन उरलेले पैसे सांगाडा, अर्थिंग आणि इन्व्हर्टरवर घालावेत. पॅनल छतावर पंचवीस वर्षे राहणार आहे, आणि बिघाड झाला तर तो बहुधा या तीन गोष्टींतच आधी होतो.