गाडीचा एसी गार हवा देईना तेव्हा

उन्हाळ्यात आपल्या यवतमाळकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा दिवसांत दादीजानला दवाखान्यासाठी नागपूरला न्यायचे आहे, मांडीवर तान्हे बाळ आहे, आणि एसीतून गरम हवा येऊ लागली, तर तो नुसत्या गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. म्हणून घरच्या घरी काय तपासता येते ते या वेळी पाहू.

‘गॅस संपला असेल’ हे वाक्य सगळ्यांच्या ओळखीचे आहे. पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांतच फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, गाडीच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकतो आणि डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये आतली उष्णता ओढून घेतो.

आधी हवेचा जोर पाहा. हवा कमी येत असेल, तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असलेला केबिन फिल्टर काढून बघा. धुळीने भरला असेल तर बदला. हवा मुळीच येत नसेल, तर फ्यूज आणि ब्लोअर तपासावा लागतो.

हवा जोरात येते पण गार नाही? गाडी धावताना गार आणि सिग्नलला उभी राहिली की गरम होत असेल, तर कंडेन्सरचा पंखा बंद असेल किंवा त्याची जाळी बुजली असेल. आपल्या लोहाऱ्यात एमआयडीसीची धूळ आहे, हंगामात कापसाचे तंतूही उडतात. इंजिन थंड असताना साध्या पाण्याने हलकेच धुवा. जोराच्या फवाऱ्याने पात्या वाकतात.

हे सगळे ठीक असेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता उरते. वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपतो, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहेच. जोडांवर तेलकट डाग दिसला, तर ती तिचीच खूण. मिस्त्रीला तीन गोष्टी सांगा: आधी गळती शोधा, मग व्हॅक्यूम करा, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे वजन करून गॅस भरा. नळ्या घरी उघडू नका. दाबाखालचा गॅस उडाला तर त्वचा गोठते, डोळा जाऊ शकतो. चालू इंजिनजवळ ओढणी आणि बाह्या सांभाळा.

गळती न शोधता गॅस भरणे हा इसराफ आहे. पैसा तर जातोच, शिवाय अनेक गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस हवेत सुटला, की वजनाला वजन धरले तर १०० वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या १३०० पट किंवा त्याहून जास्त उष्णता अडवतो. त्या उन्हात शेवटी आपलीच मुले चालणार आहेत.

आपल्या समाजातले कितीतरी तरुण गॅरेजमध्ये काम करतात. बॉनेटखाली काय केले ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणूनच ते काम अमानत आहे. आम्ही शाळेत दहावीच्या मुलांना सांगतो, की आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एसीचा दोन वर्षांचा कोर्स आहे. हुनर आणि इमान एकत्र आले, तर गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही.

आणि एसी चालू असो वा बंद, लेकराला बंद गाडीत दोन मिनिटेही एकटे सोडू नका. उन्हात १० मिनिटांत आतला पारा सुमारे १० अंशांनी चढतो.