दारूकामाचे साहित्य आणि आपला सोवळेपणा

साहित्याच्या अभ्यासकाला आतषबाजी लागते ती उपमेपुरती. ‘शब्दांची आतषबाजी’ असे परीक्षणात लिहिताना सोरा, गंधक आणि कोळसा यांचे प्रमाण कुणी, कोणत्या भाषेत नोंदवून ठेवले, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांना मात्र तो पडला. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तिकेत ओडिशाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथातील दारूकामाच्या कृतींचा परामर्श आहे. चंद्रज्योती, कल्पवृक्षबाण, पुष्पवर्ती ही त्यांतील काही नावे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना ऐकवलेले कोट्याच्या दिवाळीचे, ‘पेशव्यांच्या बखरी’तील वर्णनही गोड्यांनी पुरावा म्हणून वाचले. आपण बखर वाचतो ती गद्यशैलीचा नमुना म्हणून.

हा सोवळेपणा निरुपद्रवी नाही. दिवाळीत उल्हासनगरच्या बाजारातून फटाके नेणारा अंबरनाथ-बदलापूरचा माणूस खोक्यावरचा इंग्रजी मजकूर न वाचताच वात पेटवतो. एकच अर्थ निघेल असे अचूक, आज्ञार्थी गद्य लिहिणे ही भाषेची कठीण कसोटी आहे. कवितेत संदिग्धता गुण ठरेल. येथे तिची किंमत हाताची बोटे देऊन चुकवावी लागते.

तेव्हा या पट्ट्यातील मराठी विभागांनी एवढे तरी करावे: फटाक्याच्या एका खोक्यावरील सूचना विद्यार्थ्यांकडून मराठीत लिहवून घ्याव्यात. ज्याला ते साधणार नाही, त्याने आतषबाजीची उपमा जपून वापरावी.