कढीलिंबावरचा पाहुणा

पावसाळ्यात बीदर, भालकी, आळंदकडच्या वाचकांनी परसातला कढीलिंब जरा निरखून पाहावा. कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखे काही दिसेल. ती शीट नव्हे, लिंबावरच्या फुलपाखराची अळी! पक्ष्यांना फसवण्याचे हे सोंग. कात टाकत टाकत ती पुढे हिरवीगार होते. तिला बोट लावा, डोक्यामागून बेचक्यासारखे नारिंगी शिंग निघते आणि उग्र वास सुटतो. घाबरू नका, ती चावत नाही.

कूळ शेपटीवाल्या फुलपाखरांचे, पण याला शेपूटच नाही. काळ्या पंखांवर पिवळट ठिपके, मागच्या पंखांच्या आतल्या कोपऱ्यात तांबडा ठिपका. लिंबू, कढीलिंब, बेल, शिवाय काळ्या रानात उगवणारी बावची, अशा झाडांवर मादी एकेक अंडे घालते. त्यामुळे दाट जंगल नसलेल्या आपल्या उघड्या माळावरही ते सहज दिसते.

अडचण होते ती लहान रोपाची. अळ्या ते थोड्याच दिवसांत ओकेबोके करतात. २००४ साली हे फुलपाखरू पार डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आढळले, तेव्हा तिकडेही लिंबूवर्गीय बागांची काळजी सुरू झाली. शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? पण परसातले मोठे झाड चार अळ्यांनी मरत नाही, आणि जी पाने फोडणीत टाकायची त्यांच्यावर औषध मारणे मला तरी पटत नाही. रोप लहान असेल तर अळी पानासकट उचलून मोठ्या कढीलिंबावर ठेवावी. कडुलिंबावर मात्र नको. कन्नडमध्येही बेवु आणि करिबेवु अशी नावे जुळतात, पण अळी नावाला फसत नाही.