पळसगावचा नायक

पनवेल, खारघर, कळंबोली या गावांस आज लोक नवी मुंबई म्हणतात. पण ही सारी जुन्या कुलाबा जिल्ह्यातली. त्याच जिल्ह्यातील माणगाव तालुक्याच्या पळसगावचा यशवंत घाडगे आमच्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे?

10 जुलै 1944 रोजी इटलीत, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीचा हा नायक आपली तुकडी घेऊन चालून गेला. शत्रूच्या मशीनगनने अगदी जवळून मारा केला. त्याच्याखेरीज तुकडीतले सारे पडले, कोणी ठार, कोणी जखमी. तो एकटाच धावला. हातबाँब टाकून त्याने मशीनगन बंद पाडली, एकास गोळी घातली. मॅगझिन बदलावयास उसंत नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस दस्त्याने ठार केले. इतक्यात दडलेल्या नेमबाजांनी त्यास टिपले. वय अवघे 22!

लढाई परक्या सरकारची होती, हे आम्ही लपवीत नाही. त्या सरकारने मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस दिला. कबर मात्र कोठे आहे ते कोणासच ठाऊक नाही. इटलीतील कॅसिनोच्या स्मारकावर नाव तेवढे कोरले आहे. राजेरजवाड्यांच्या वंशावळी आमची मुले घोकतात, पण या खेडुताचे नाव त्यांच्या पाठात नाही.

गोव्याच्या रस्त्याने जाणाऱ्या बंधुभगिनींनो, माणगावास त्याचा पुतळा आहे. तेथे घटकाभर थांबा आणि ही हकीकत मुलांस आपल्या तोंडाने सांगा.